सरूमावशीसाठी जिवंत माणसं

आत्याच्या घरी बोलणं कमी आणि आवाज फार होता. परसातल्या भिंतीला लागूनच दालमिल होती. सकाळी आमची चूल पेटायच्या आधी ती सुरू व्हायची आणि दिवेलागणीनंतर कधीतरी थांबायची. फळीवरची पितळी भांडी दिवसभर बारीक थरथरत असायची. तुरीची टरफलं वाऱ्यावर उडून अंगणात, वाळत घातलेल्या लुगड्यांवर, कधी ताटातल्या वरणावरसुद्धा येऊन बसायची. आत्या ती बोटानं बाजूला करायची आणि जेवायला लागायची. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, अडतीवरून थकून यायचे, पाय धुवायचे आणि "जेवलीस का?" एवढं विचारायचे. मी "हाव" म्हणायचे. आमचं दिवसाचं बोलणं तिथं संपायचं. "मिलच्या आवाजात काय ऐकू येतंय," असं आत्या म्हणायची, पण मिल थांबल्यावरही त्या घरात कुणी बोलत नसे.

त्यांना मूलबाळ नव्हतं आणि देगलूरला आम्ही पाच बहिणी. वडिलांनी दोन्ही घरांची सोय बघितली आणि मधलीला, म्हणजे मला, एसटीनं लातूरला आणून सोडलं. "आत्याला सोबत होईल, तुझं कॉलेजही होईल," म्हणाले. चहा घेतला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि उलट्या गाडीनं परत गेले. किती दिवसांसाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी एवढंच धरून चालले होते की दिवाळीला घ्यायला येतील. दिवाळीला त्यांचा निरोप आला की दुकानात गर्दी आहे. आत्या वाईट नव्हती, हे मला आज मुद्दाम लिहायचं आहे. ती मला कधी टाकून बोलली नाही, तिनं कधी शिळं वाढलं नाही. येसराच्या भाजक्या पिठाची आमटी ती अशी करायची की भाकरी चुरून ताट पुसून खावं. पण तिनं कधी "आज काय झालं गं" असंही विचारलं नाही. कॉलेजात माझ्या देगलुरी बोलण्याला पोरी हसायच्या. दोन वाक्यांत एखादा तेलुगू शब्द यायचाच माझ्या तोंडी. म्हणून तिथंही मी तोंड मिटून घेतलं. अठराव्या वर्षी माणूस इतकं गप्प राहू शकतो, हे आता माझ्या नातीला सांगितलं तर तिला खरं वाटणार नाही.

वाचनालयात मी शिरले ती केवळ पंख्यासाठी. गंजगोलाईच्या गोल बाजारापासून फुटणाऱ्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर ते होतं, आणि उन्हाळ्यात तिथला पंखा फुकट मिळायचा. ग्रंथपाल बिराजदार सर कपाळाला विभूती लावून बसायचे आणि चष्म्याच्या वरून बघायचे. रोज येणारी, आवाज न करणारी मुलगी बघून एक दिवस त्यांनी मला पुस्तकांना डिंक लावायला बसवलं, आणि महिन्या-दोन महिन्यांत संध्याकाळची देवघेव माझ्याकडे आली. ती अशी आली की संत, चरित्रं, इतिहास हे सगळं सरांकडे, आणि गच्चीच्या जिन्याखालच्या कोपऱ्यातलं एक कपाट माझ्याकडे. "ते खुनाचं कपाट तू बघ," सर म्हणाले. ते शब्दसुद्धा त्यांनी चिमट्यानं उचलल्यासारखे उच्चारले. रहस्यकथा, थरारकथा, हेरकथा, सगळं त्यात कोंबलेलं होतं. आणि खरी गोष्ट ही की वाचनालयाचे निम्मे सभासद त्या कपाटासाठीच जिना चढत.

मग मला बोलावं लागलं. लोक विचारायचे, "काय देऊन राहिलीस आज?" आणि उत्तर द्यावंच लागायचं. एक एसटीचा ड्रायव्हर होता, उदगीर गाडीवरचा. त्याला पहिल्या पाच पानांत मुडदा लागायचा. "मुडदा उशिरा आला की झोप येते बाई," म्हणायचा. दवाखान्यातला कंपाउंडर फक्त विषाचे खून वाचायचा, आणि औषधाचं नाव चुकलं असलं की मलाच झापायचा. एक निवृत्त फौजदार होते. त्यांना पोलिसांनी आरोपी पकडलेला चालायचा, पण खाजगी गुप्तहेरानं पकडलेला चालत नसे. अशी पुस्तकं कमीच, त्यामुळं ते कायम रुसलेले. आणि एक कोण हरामखोर होता तो मला कधीच सापडला नाही. पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. ते खोडरबरानं पुसणं हे माझं रोजचं पहिलं काम.

मी माझी एक रीत बसवली होती. पुस्तक हातात आलं की शेवट आधी वाचायचा. सर म्हणायचे, "मग त्यात राहिलं काय?" पण ज्याला शेवट ठाऊक असतो त्यालाच कुणाला काय द्यावं हे कळतं, असं माझं तेव्हाही म्हणणं होतं आणि आजही आहे. ज्याच्या घरात भावाभावांचं भांडण चालू आहे त्याला भावानं भावाला मारल्याचं पुस्तक द्यायचं नाही. ज्या बाईची सून नुकतीच माहेरी निघून गेली तिला सुनेनं सासूच्या दुधात काही घातल्याचं द्यायचं नाही. आता नांदेडला आमच्या इमारतीत खाली जिन्यापाशी बायकांनी पुस्तकांची एक मांडणी केली आहे. त्या विचारतात, "काकू, काहीतरी थरारक सांगा ना." मी आधी विचारते, "सध्या घरी काय चाललंय?" त्यांना वाटतं म्हातारी चौकस आहे. वाटू दे.

वाचकांचीही एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. या पुस्तकांची नावं सगळी सारखी. काळोख, सावली, बंगला, किंकाळी यांचीच उलटापालट. त्यात वेष्टन फाटलं की बाइंडर सगळ्यांना एकाच तपकिरी कापडात बांधून द्यायचा. मग वाचलेलं कुठलं आणि न वाचलेलं कुठलं हे कळावं म्हणून प्रत्येकजण आपापल्या ठरलेल्या पानावर एक खूण करून ठेवायचा. ड्रायव्हर पानाचा कोपरा दुमडायचा. कंपाउंडर पानाच्या आकड्याला गोल करायचा. फौजदार सही ठोकायचे, तीसुद्धा पूर्ण. पुस्तक घेताना लोक आधी आपलं पान उघडून बघत आणि खूण असली की परत देत. सरांना हा पुस्तकांचा छळ वाटायचा. मला मात्र त्या खुणा ओळखीच्या लोकांसारख्या वाटायच्या.

सरूमावशीची खूण कुंकवाची होती. तिच्याकडे पेन्सिल नसायची. कपाळाला बोट लावायचं आणि विसाव्या पानाच्या कोपऱ्यात टेकवायचं, की झालं. बारीकसा लाल ठिपका उमटायचा. चाळिशीची असेल ती तेव्हा. मागच्याच गल्लीत दिराच्या घरात एका खोलीत राहायची. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की वाचनालयात तिला हळू बोलायला सांगून सांगून सर थकले. तिचा नवरा ट्रकवर होता. लातूरची डाळ हैदराबादला न्यायचा. काही वर्षांपूर्वी एकदा ट्रक परत आला तो क्लीनरनं दुसऱ्याच ड्रायव्हरला बसवून आणलेला. जहिराबादला उस्ताद चहा प्यायला उतरले आणि परत आलेच नाहीत, असं त्या क्लीनरनं सांगितलं. भांडण नव्हतं, दारू नव्हती, अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नेलं नव्हतं. पोलिसांनी शोधलं, दीर दोनदा जाऊन आला, आणि मग सगळे आपापल्या कामाला लागले.

हे तिनं मला एका बैठकीत सांगितलं नाही. पुस्तक परत करताना एक तुकडा, नवीन नेताना एक तुकडा, असं ऐकत गेले. मी एकदा विचारलं, "मावशी, तुम्हाला ही खुनाचीच कामून आवडतात?" ती म्हणाली, "खुनाची न्हाई गं. ह्यांच्यात कुणीतरी शोधत असतंय. ठाण्यातल्या फौजदारानं चार दिवस शोधलं न् टोपी काढून ठेवली. पुस्तकातला माणूस शेवटच्या पानापतोर शोधतोय बघ." ते ऐकलं त्या दिवशी मी घरी जाऊन नीट जेवले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्यासाठी पुस्तकं वेगळी काढायला लागले. ज्यांत हरवलेला माणूस शेवटी जिवंत सापडतो, अशीच. कुणाला तळघरात कोंडलेलं असतं, कुणाची स्मृती गेलेली असते, कुणी वेष पालटून खुन्यावर पाळत ठेवून असतो. ती सगळी मी कपाटाच्या खालच्या फळीवर उजव्या कोपऱ्यात लावली. ज्यांत माणूस मरून पडलेला सापडतो ती तिच्या हाताला लागू नयेत म्हणून वर, मागच्या रांगेत, पाठ आत करून ठेवली.

यात माझा स्वार्थ होता आणि तो मला तेव्हाही कळत होता. तिची आशा टिकली तर ती येत राहणार होती. ती आली की बाकावर टेकायची, पदरानं वारा घ्यायची आणि म्हणायची, "बोल पोरी, काय केलं आज तुझ्या आत्यानं?" मी आमटी सांगायचे, भाकरी सांगायचे, कॉलेजातल्या पोरी काय म्हणाल्या ते सांगायचे. माझ्या देगलुरी बोलण्याला ती हसायची, पण ते हसणं लागायचं नाही. तीच माझे शब्द उचलून मला परत म्हणून दाखवायची. सबंध लातुरात मला नावानं हाक मारून थांबणारं, आणि मी काय सांगते ते ऐकणारं, एवढं एकच माणूस होतं. मेलेल्या माणसाचं एखादं पुस्तक वाचून तिनं मनाशी धरलेलं सोडून दिलं, तर ती कशाला जिना चढेल? मला त्याची भीती वाटायची. रात्री अंथरुणावर पडल्यावरसुद्धा मी मनात खालची फळी मोजायचे, अजून किती जिवंत उरलेत म्हणून.

ते संपलेच. रहस्यकथा लिहिणारे लोक माणसं मारण्यात फार उदार आणि जगवण्यात फार कंजूष. मग मी एक युक्ती केली. बाइंडरकडून नवीन कापड चढवून आलेली जुनीच पुस्तकं तिला परत द्यायला लागले. विसाव्या पानावरचा ठिपका खोडरबरानं जाईना, तेव्हा मी पानाचा तेवढा कोपराच नखानं फाडून टाकायचे. ती पुस्तक घ्यायची, पान उघडून बघायची, आणि म्हणायची, "हे न्हाई वाचलेलं. दे." तीन-चार दिवसांनी परत आणून द्यायची आणि गोष्ट कशी चांगली होती ते सांगायची. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटायचं.

एकदा मात्र कोपरा फाडायचा राहून गेला. तिनं ते पुस्तक नेलं, वाचून परत आणलं, आणि ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मी घाईघाईनं विसावं पान उघडलं. तिथं जुना, फिकट झालेला लाल ठिपका होता आणि त्याच्या शेजारी एक नवा. म्हणजे तिनं नेतानाच तो बघितला होता. बघूनही "न्हाई वाचलेलं" म्हणाली होती, घरी नेऊन पुन्हा वाचलं होतं आणि पुन्हा खूण केली होती. मी मग बाकीचीही काढून बघितली. एका पुस्तकात मी कोपरा फाडला होता तर तिनं ठिपका थोडा खाली दिला होता. मला एकदम रडू आलं, आणि सर समोर होते म्हणून मी खाली वाकून खालची फळी पुसत बसले. ती पुस्तकासाठी येत नव्हती. मला वाटत होतं मी तिला सांभाळते आहे, आणि ती मला सांभाळत होती. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी काही बोलले नाही. तीही बोलली नाही. मी पुस्तक दिलं आणि तिनं पान उघडून बघितलं.

असा हिवाळा आला आणि येळवस आली. बाहेरच्या माणसाला येळवस सांगणं अवघड आहे. त्या अमावस्येला अख्खं लातूर शेतात जातं. ज्याला शेत नाही त्याला शेत असलेला ओढून नेतो. आदल्या संध्याकाळपासून घराघरांत भज्जीचा, म्हणजे हिरव्या शेंगा-दाण्यांच्या सणाच्या भाजीचा, वास सुटतो, माठांत आंबील घुसळली जाते, बाजरीचे उंडे वळले जातात. सकाळ झाली की गाड्या, रिक्षा, ट्रॅक्टर, सायकली, सगळं शहराबाहेर. कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या झोपडीत, पांडवांची पूजा होते, मग शिवारभर जेवणावळी. गावात राहतात ती कुत्री. त्या वर्षी मीही राहिले, कारण आदल्या दिवशी माझी अडचण आली. आत्या म्हणाली, "पूजेचं हाय, तुला न्हाई चालायचं," माझ्यासाठी भज्जी, उंडे झाकून ठेवते म्हणाली, आणि आत्या-मामा औशाच्या रस्त्याला असलेल्या शेताकडे जायच्या तयारीला लागले.

हे मी सरूमावशीला सांगितलं तेव्हा ती पुस्तक बघत होती. ती थांबली. "म्हंजे उद्या तू घरीच?" म्हणाली. मी हाव म्हटलं. "चावी तुझ्याकडंच असती न्हवं? मग दुपारी ये अन् उघड. मीबी येते." मी म्हटलं, "तुम्ही शेतात जाणार न्हाई?" तर म्हणाली, "मी कुठं बसू तिथं? नवरा जिता हाय म्हणून कुंकू लाव म्हणतेत, अन् नवरा न्हाई म्हणून जोडीच्या पूजेला बसू नको म्हणतेत. डोकं दुखतंय म्हणून सांगते." मला इतका आनंद झाला की काय सांगू. सण आपल्याही वाट्याला आला असं वाटलं. नुकतीच नवीन पुस्तकं आली होती. त्यांत एक 'पिवळ्या छत्रीचा माणूस' नावाचं होतं. हरवलेला नवरा शेवटी पिवळी छत्री घेऊन दारात उभा राहतो. ते मी तिच्यासाठीच दडवून ठेवलं होतं. अगदी नवं, कुणाची खूण नसलेलं. बाजूला बसलेल्या मुलीनं पुस्तकाला हात लावावा का, हा प्रश्न मनात आला, पण पुस्तकांना विटाळ होत नाही असं मी स्वतःच ठरवून टाकलं.

दुपारी मी डबा घेऊन निघाले तेव्हा आधी ध्यानात आलं ते हे की मिल बंद आहे. गोलाईत एकही दुकान उघडं नव्हतं. माझ्याच चपलांचा आवाज मला ऐकू येत होता. वर जाऊन मी दार उघडलं, वर्तमानपत्रांच्या टेबलावर डबा मांडला, बाक पुसला. मावशी आली ती धुवट, चांगलं पातळ नेसून आली होती, पण डब्याकडे तिनं बघितलं नाही. "आधी पुस्तक दे," म्हणाली. मी 'पिवळ्या छत्रीचा माणूस' पुढं केलं. तिनं ते हातात घेतलं, उघडलं नाही.

"ह्याच्यात सापडतो का माणूस?"

"हाव."

"जिता?"

"हाव, मावशी. लई चांगलं हाय."

तिनं ते माझ्याकडे सरकवलं. "शकू, तू मला जितीच माणसं देऊन राहिलीस, ते मला कवाच कळलंय. तुझं तोंड बघून मी नेत गेले. आज एक मेलेला दे."

मी म्हणाले, "तसलं न्हाई." किती खुळं उत्तर होतं ते. सगळं कपाटच मुडद्यांनी भरलेलं. ती रागावली नाही. बाकावर बसली आणि दाराकडे बघत हळू आवाजात, म्हणजे तिच्या मानानं हळू आवाजात, बोलायला लागली. "मला रडता आलं न्हाई गं. रडाय लागले की सासू म्हणायची, जित्या माणसाचं कामून रडतीस, अपशकुन करून राहिलीस. कुणी भेटाय आलं न्हाई, कुणी गळ्यात पडलं न्हाई. मेला असता तर दहा दिवस घर भरलं असतं. भिंतीला भिंत लागून लोक हायेत तिथं, पांघरुणात तोंड घातलं तरी ऐकू जातंय. आज गावात कुणी न्हाई. मिल बंद, दुकानं बंद. मी ठरवून आले. पण नुसतं बसून रडू येत न्हाई मला. कुणीतरी एकदा सांगाय पायजे की तो गेला. पुस्तकानं सांगितलं तरी चालंल."

कुठलं पुस्तक ते मला लगेच समजलं. 'घाटातली जीप'. त्यात सुरुवातीलाच एक ड्रायव्हर घरून निघतो आणि थोड्याच पानांत घाटाखाली त्याचं प्रेत सापडतं, मग पुढं सगळा तपास. तेच मी सगळ्यांत मागं, पाठ आत करून ठेवलं होतं. मी स्टुलावर चढले, पुस्तक काढलं, खाली उतरले आणि ते छातीशी धरून उभी राहिले. देववेना. "हे वाचलंत की तुम्ही येणार न्हाई मग," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. तिला खोटं बोलता आलं असतं, पण ती म्हणाली, "येईन का न्हाई ते मला आज काय मालूम? पण तू दे." मी दिलं.

ती ओळीवर बोट ठेवून वाचायची, ओठ हलवत. मी शेजारी बसले. बाहेर एखादं पाखरू ओरडायचं तेवढंच. पानं उलटत ती त्या जागेपाशी आली हे मला तिच्या बोटावरून समजलं, कारण बोट थांबलं. मग ते परत मागं गेलं आणि तीच ओळ तिनं पुन्हा वाचली. पुस्तक मिटलं. मला वाटलं, चुकलं, हे पुस्तक नको होतं. आणि मग तिनं हाक मारली, "माणिकाऽ!" तिच्या नवऱ्याचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. इतक्या दिवसांत ती नेहमी 'आमचे' म्हणायची. मग ती जी रडायला लागली ती आमच्याकडे बायका मयताला रडतात तशी, हेल काढून, त्याला बोलून बोलून. तू चहाला उतरलास आणि मला का सांगितलं नाहीस, तुझी धोतरं मी दर दिवाळीला धुऊन ठेवली, तुझ्या ताटात मी कुणाला जेवू दिलं नाही. आवाज कपाटांवर आपटून खाली जिन्यात उतरत होता. मी तिचा हात धरला होता की तिनं माझा, ते आता आठवत नाही. मला भीती वाटली नाही. एवढंच वाटत होतं की कुणी येऊ नये, शेतांतली जेवणं लांबावीत, आणि हिचं पुरतं होऊ द्यावं.

थांबल्यावर तिनं माठातल्या पाण्यानं तोंड धुतलं आणि डब्यापाशी येऊन बसली. भूक लागली होती तिला. उंडा मोडून भज्जीबरोबर खाल्ला आणि म्हणाली, "तुझ्या आत्यानं मीठ कमी टाकलंय." मी हसले. पुस्तक मधेच मिटलेलं पडलं होतं. मी म्हणाले, "मावशी, पुढं वाचा की. त्याला कुणी ढकललं ते तर पुढंच हाय." ती बोटं चाटत म्हणाली, "कुणीबी ढकललं असंल. ते मला काय करायचंय?" खुनाचं कपाट सांभाळायला लागल्यापासून मी ते उत्तर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. नंतरही कधी ऐकलं नाही. उन्हं कलली तेव्हा लांबून पहिल्या ट्रॅक्टरचा आवाज आला आणि आम्ही दार लावून आपापल्या घरी गेलो.

ती पुढं आली नाही. मी खालची फळी रोज पुसायचे, जिन्यावर पाय वाजला की मान वर करायचे. ड्रायव्हर यायचा, फौजदार यायचे. 'पिवळ्या छत्रीचा माणूस' मी कुणालाच दिलं नाही. मागच्या गल्लीत तिच्या दिराच्या घरी जाऊन विचारण्याइतकी धिटाई माझ्यात नव्हती. संक्रांत होऊन गेली आणि एका संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, ती जिना चढून आली. कपाळ मोकळं होतं. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी माना वर केल्या, त्या खाली जाईनात. फौजदारांनी चष्मा काढून पुसला. सरसुद्धा उठून उभे राहिले. तिनं कुणाकडे लक्ष दिलं नाही.

"औशाला चालले भैनीकडं," ती मला म्हणाली. "तिथं शिवणाचं काम हाय. सासू बोलणं टाकून बसली, पण जाऊ दे." मी मान हलवली. सर टेबलामागून म्हणाले, "बाई, जाता जाता एखादं पुस्तक देऊ का वाचायला?"

"मला नको, सर," ती तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, सगळ्या वाचनालयाला ऐकू जाईल अशी. "ह्या पोरीला द्या एखादं चांगलं. दुनियेला ही निवडून देती, हिला कुणी देत न्हाई. बोलायलाबी कुणी न्हाई हिला, अख्ख्या लातुरात."

माझे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि ती जिना उतरून गेली. सरांनी तेव्हा पहिल्यांदाच चष्म्यातून, वरून नाही, माझ्याकडे नीट बघितलं. टेबलामागून बाहेर येऊन ते माझ्या कपाटापर्यंत आले, आणि त्यांना तिथं कधी आलेलं मी पाहिलं नव्हतं.

"बोल शकुंतला," ते म्हणाले, "तुला कसलं पुस्तक आवडतं?"

मी कपाटाकडे बघत राहिले. मला सांगता येईना.